तिसऱ्या नंबरची मॅच

भिलाईतून रेल्वेला दोन गोष्टी जातात, असं आमच्या सेक्टरमध्ये गमतीनं म्हणायचे: रूळ आणि बास्केटबॉलच्या मुली. आमच्या घरात दोन्ही होतं. बाबा गोंदियाहून येऊन स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये लागले होते आणि मी सेक्टर 1 च्या पंत स्टेडियमवर.

शाळेआधी पहाटे एक सेशन, संध्याकाळी दुसरं. या कोर्टाला देशभर नाव मिळवून दिलं ते प्लांटचे प्रशिक्षक राजेश पटेल यांनी. छत्तीसगड राज्यच मुळी 2000 सालचं, पण पटेल सरांच्या हाताखाली राज्याच्या संघांनी शंभराहून जास्त राष्ट्रीय पदकं आणली. 2018 साली सर गेले. इथं घडलेली कविता अकुला 2010 मध्ये फ्लोरिडाच्या अकादमीसाठी निवडली गेली आणि पुढे अ‍ॅरिझोनातल्या ग्रँड कॅनियन विद्यापीठाकडून खेळली. कानपूरहून आलेली, जवळजवळ सात फूट उंचीची पूनम चतुर्वेदी मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन करून पुन्हा कोर्टवर उतरली. ही मोठी नावं. आम्हा बाकीच्या मुलींना अमेरिका वगैरे दिसत नव्हती. आम्हाला नोकरी हवी होती.

एनबीएचा संघ सीझनला 82 मॅचेस खेळतो. आम्ही वर्षभर राबायचो आणि नॅशनलच्या एका आठवड्यात सगळा निकाल लागायचा. रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्यात क्लार्कच्या जागेसाठी नॅशनलला किमान तिसरा क्रमांक लागतो, हे आम्हाला फास्ट ब्रेकच्या आधी पाठ झालं होतं. पहिला, दुसरा, तिसरा चालतो. चौथा आला तर सर्टिफिकेटवर नुसतं ‘सहभाग’.

बारावीच्या वर्षी ज्युनियर नॅशनलला आम्ही सेमीफायनल हरलो. रात्री मेसमध्ये कुणाच्या घशाखाली पोळी उतरेना. फोनवर बाबांनी एवढंच विचारलं, “काय वं, उद्या कितव्या नंबरसाठी आहे?” मी म्हटलं, तिसऱ्या. “मग झोप आता,” म्हणाले. हिशेब त्यांनाही माहीत होता.

ब्राँझची मॅच सकाळी होती आणि स्टँड रिकामे. फायनलला गर्दी, पाहुणे, कॅमेरे असतात, पण फायनल खेळणाऱ्या दोन्ही संघांचं सर्टिफिकेट आदल्या रात्रीच पक्कं झालेलं असतं. खरी मारामारी या रिकाम्या स्टँडसमोर चालते. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका पॉइंटनं मागे होतो आणि मला दोन फ्री थ्रो मिळाले. ओला तळहात बुटाच्या तळव्यावर घासला, बॉल दोनदा आपटला. पहिला रिंगवर फिरून आत पडला, दुसरा सरळ जाळीत. समोरच्या बेंचवर एक मुलगी टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसली होती. बारावीचं वर्ष तिचंही होतं. तिच्या आणि माझ्या खेळात म्हणाल तर काही फरक नव्हता.

सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा सीनियर ताईनं पहिली सूचना दिली, “लॅमिनेट करू नकोस, पडताळणीला अडचण होते.” बाबांनी त्याच्या झेरॉक्स काढून अटेस्ट करून आणल्या आणि मूळ कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून कपाटात, गॅसच्या पुस्तकाशेजारी ठेवला. पुढे ट्रायल झाली आणि मी बिलासपूरला रुजू झाले.

गंमत त्यापुढची आहे. भिलाईत तयार झालेली चांगली मुलगी नोकरी लागली की रेल्वेची होते. मग सीनियर नॅशनलला एका बाजूला छत्तीसगड आणि दुसऱ्या बाजूला रेल्वेच्या जर्सीत छत्तीसगडच्याच मुली. ज्यांनी मला पोस्टमध्ये उभं राहायला शिकवलं, त्यांच्याच अंगावर मी रिबाउंडला चढले आहे. कुणाला दोष देणार? दर महिन्याला पगार, मेडिकल, पास आणि सरावासाठी ड्यूटीतून सवलत हे सगळं रेल्वे देते. आपल्या देशात मुलींसाठी व्यावसायिक बास्केटबॉल याला म्हणतात.

लीगच्या बातम्या आम्हीही वाचल्या. 2015 ते 2017 दरम्यान यूबीए लीग चालली, त्यात ‘पुणे पेशवे’ नावाचा संघही होता. ती लीग पुरुषांची होती आणि तीही टिकली नाही.

रेल्वेनं माझं घर उभं केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दोन फ्री थ्रोवर एका मुलीचं आयुष्य ठरवणाऱ्या रचनेशी. राज्य सरकारांनी आणि मोठ्या कारखान्यांनी मिळून पाच-सहा संघांची का होईना, पण मुलींची लीग चालवावी आणि वर्षभराच्या करारावर पगार द्यावा. तोवर तुमच्या गावात नॅशनल भरली तर फायनलच्या आदल्या नाही तर त्याच दिवशी सकाळी लवकर या आणि ब्राँझची मॅच बघा. सगळ्यात जीव तोडून खेळलेला बास्केटबॉल तिथं दिसेल, आणि तिकीटही लागणार नाही.