मौनाचे मोल

सत्य बोलावे हे आपण बालपणापासून शिकतो; परंतु ते वेळीच बोलावे, हा धडा मला एका शंकरपटाने शिकविला.

आमच्या भंडारा जिल्ह्यात हिवाळ्यात गावोगावी शंकरपट भरतात. सन २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह पुन्हा सुरू झाल्या. जवाहरनगराजवळच्या अशाच एका पटात माझ्या मामांची जोडी होती. जोड्या सोडण्याच्या जागी मी उभा होतो. झेंडी खाली येण्यापूर्वीच मामांचे बैल सुटले. धुळीत पंचांना ते दिसले नाही, मला दिसले. जोडी जिंकली, गुलाल उधळला, आणि मीही आनंदाने ओरडलो. हरलेला धुरकरी मात्र निमूटपणे आपल्या बैलांचे जू सोडीत होता. त्याची ती मुद्रा मला अद्याप विसरता येत नाही.

पुढे मोटारींच्या शर्यतींविषयी वाचीत असता तोच प्रसंग मोठ्या रूपात भेटला. २८ सप्टेंबर २००८ रोजी सिंगापूर येथे रेनॉ संघाचा चालक धाकटा नेल्सन पिके याने संघातील वरिष्ठांच्या कटानुसार आपली मोटार मुद्दाम भिंतीवर आदळविली. त्या अपघाताचा लाभ मिळून त्याच संघाचा दुसरा चालक जिंकला. पिके बोलला तो पुढील वर्षी, संघाने त्यास काढून टाकल्यावर. चौकशी झाली, शिक्षाही झाल्या. परंतु त्या शर्यतीचा निकाल बदलला नाही.

याउलट २००७ सालची गोष्ट पाहा. इंग्लंडातील एका छायाप्रतींच्या दुकानात फेरारी संघाची सुमारे ७८० पृष्ठांची गुप्त कागदपत्रे नक्कल करण्यास आली. तेथील कर्मचाऱ्यास संशय आला व त्याने तत्काळ फेरारीस कळविले. अखेरीस प्रतिस्पर्धी मॅक्लॅरेन संघास दहा कोटी डॉलरांचा दंड झाला, आणि नियामक संस्थेने आपल्या निर्णयाची कारणे सर्वांपुढे प्रसिद्ध केली. त्या कर्मचाऱ्यापाशी ना पद होते, ना अधिकार. नियम कितीही कडक असोत, पाहणारा मनुष्य गप्प बसला की ते आंधळे होतात.

गेल्या संक्रांतीस मी मामांना सर्व सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “तेव्हाच काहून नाही सांगितलं, बाबू?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. विद्यार्थिमित्रहो, हा प्रश्न ऐकण्याची पाळी तुम्ही आपणावर येऊ देऊ नका.