एका व्हॉल्व्हच्या शोधांत

नाशिक म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें गोदेचा घाट, काळारामाचें देऊळ आणि पंचवटी हीं उभीं राहतात. तेथून सुमारें ९ किलोमीटरांवरील नाशिकरोडला तसें माहात्म्य नाहीं. हें गांव आगगाडीनें वसविलें व छापखान्यांनीं वाढविलें. १९२५ सालीं येथें सिक्युरिटी प्रेस निघाला, १९२८ पासून नोटा छापल्या जाऊं लागल्या, आणि महिन्याच्या महिन्यास पगार घेणाऱ्या माणसांची वस्ती जमली. पगारदाराच्या घरीं घड्याळ, शिवणयंत्र व मग रेडिओ, अशा क्रमानें वस्तू येत. आमच्या घरीं रेडिओ आला तो १९५८ च्या दिवाळींत. आदल्या वर्षीं विविधभारती सुरू झाली होती, आणि वडिलांचा निग्रह तेवढ्यानें सुटला. माझा जन्म त्यानंतरचा. म्हणून या थोरल्या भावाविषयीं मी आदरानेंच लिहितों.

गेल्या पावसाळ्यांत तो एकाएकीं मुका झाला. पांचांपैकीं एकाही व्हॉल्व्हमध्यें तांबूस उजेड दिसेना. तरुण वाचकांसाठीं सांगावयास हवें कीं, व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात केलेली कांचेची नळी. तींतील तंतु तापला कीं विद्युत्कण सुटतात, आणि मधल्या जाळीवर आलेला क्षीण संकेत त्यांच्या ओघाला आवरतो किंवा मोकळा सोडतो. आमच्या रेडिओंत पांचही तंतु एका माळेंत ओंवलेले आहेत. एक तुटला कीं सारे विझतात.

बिटको चौकाजवळच्या एका बोळांत ऐंशीच्या घरांतले एक कारागीर अजून दुकान उघडतात. त्यांनीं मीटर लावला आणि म्हणाले, "गुरुजी, यूसीएच ८१ गेला. तो आणा, पुढचें मी बघतों. पण घरीं पेटी उघडूं नका हं! या जातीच्या रेडिओंत लोखंडी सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडलेला असतो. हात लागला तर जीव जाईल."

त्या नांवाचा अर्थही त्यांनींच समजावून दिला, आणि ऐकतां ऐकतां मला पाणिनि आठवला. अच्, हल् अशा दोन दोन अक्षरांत त्यानें वर्णांचे अख्खे समूह बांधले. युरोपांतील कारखानदारांनीं व्हॉल्व्हचें तसेंच केलें. पहिलें अक्षर यू असेल तर तो ०.१ अँपिअरच्या माळेंत बसणारा, ई असेल तर ६.३ व्होल्टांवर तापणारा. पुढें सी म्हणजे ट्रायोड, एच म्हणजे अनेक जाळ्यांचा मिश्रक, एल म्हणजे कर्ण्याला शक्ति पुरविणारा, वाय म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एकमार्गी करणारा. ऐंशीच्या पुढचा आंकडा नऊ कांट्यांची बैठक दाखवितो. चाळीस वर्षें मुलांकडून प्रत्याहार घोटून घेतले. त्यांचा असा सोयरा मला ठाऊक नव्हता!

ही विद्या मुंबईस कामाला आली. नाशकांतील दुकानदारांना व्हॉल्व्ह म्हणजे नळाचा, एवढेंच माहीत. तेव्हां पंचवटी एक्सप्रेसनें निघून लॅमिंग्टन रोड गांठला. एका दुकानदारानें धुळीनें भरलेल्या खोक्यांतून ईसीएच ८१ काढला. "घ्या हो, एका अक्षराचा तर फरक!" हिशोब केला. ईसीएचला ६.३ व्होल्ट व ०.३ अँपिअर, यूसीएचला १९ व्होल्ट व ०.१ अँपिअर. गुणाकार जवळजवळ एकच, परंतु आमच्या माळेंत ईसीएचला तिसरा हिस्साच प्रवाह मिळणार; तो तापणार कसा? मीं तो नम्रपणें परत केला. ईएल ८४ हवा असता तर रशियाचा किंवा स्लोव्हाकियाचा नवाकोरा मिळाला असता, कारण गिटारवाल्यांना त्याचा स्वर अजून प्रिय आहे. मिश्रकाला कोण विचारतो? १९५४ सालीं स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनें एके काळीं रेडिओचे व्हॉल्व्ह आपल्या देशांत केले. आतां जें आहे तें जुन्या साठ्यांत, नाहींतर भंगारांत.

भंगारांतच सांपडला. पुण्याच्या जुन्या बाजारांत एका रविवारीं गोणपाटावर एक उघडा सांगाडा पडला होता. त्याची लाकडी पेटी कोणी उपाहारगृहाच्या शोभेसाठीं नेली होती. म्हणजे बोलणारें टाकून दिलें आणि खोकें विकत घेतलें! पांचही व्हॉल्व्ह जागच्या जागीं होते. विक्रेत्यानें वजन करून पैसे सांगितले.

कारागीरकाकांनीं कांटे घासले, एक सुकलेला कंडेन्सर बदलला व वीज दिली. अर्धा मिनिट कांहींच नाहीं. मग खरखर, आणि मग अंधार पडल्यावर दुरून येणारीं केंद्रें; सूर्य मावळला कीं मध्यमलहरींना गिळणारा आकाशांतला खालचा थर विरतो. प्रथम लागलें तें एक गुजराती बातमीपत्र. धाकट्या नातवानें विचारलें, "आजोबा, आकाशवाणीच हे प्रक्षेपक बंद करीत चालली आहे, मग एवढी यातायात कशाला?" बंद होत आहेत हें खरें. मी कांटा फिरवीत राहिलों.

सांगाड्यांतले चार व्हॉल्व्ह उरले. त्यांतला यूएल ८४ काकांनीं मागून घेतला. जेलरोडच्या एका वृद्ध बाईंचा रेडिओ दोन वर्षांपासून त्यांच्या फळीवर पडून होता, आणि दर महिन्यास त्या येऊन विचारून जात असत.