तीन आणि सहा

लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, ग्रँट रोडला गाडी पकडायची, दादरला बदलायची आणि कॅबिनेटचं खोकं छातीशी धरून डोंबिवली गाठायची. संध्याकाळच्या गर्दीत त्या खोक्यापायी खाल्लेल्या शिव्या मी ‘असेंबलिंग चार्जेस’मध्ये धरत असे.

घरी आल्यावर सगळं आधी कॅबिनेटच्या बाहेर जोडून बघायचं, ही माझी जुनी खोड. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर, त्यावर प्रोसेसर, पंखा, रॅमची एकच पट्टी. हात लावण्याआधी एसएमपीएसच्या पत्र्याला बोट टेकवायचं, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. चालू केल्यावर एक छोटी ‘टूं’ आली की चहा. लांब एक आणि छोट्या दोन आल्या, तर अवॉर्डच्या बायोसमध्ये दुखणं डिस्प्ले कार्डाचं. काहीच उमटलं नाही तर मी आधी रॅम काढे, तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसे आणि दोन्ही टोकांच्या पाकळ्या ‘टक’ करून मिटेपर्यंत दाबे. मशीन असं निदान कण्हतं तरी. केबल मात्र हसत हसत फसवते.

२००२ साली आमच्याच इमारतीतल्या एका काकांचं काम आलं. ते पहिल्या मजल्यावर, लेक-जावई चौथ्यावर. दोन्ही घरचे कॉम्प्युटर जोडायचे होते. खाली छोटा स्विच ठेवला आणि डक्टमधून केबल वर नेली. आठही तारा मी जोडीजोडीने ओळीत लावल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना क्रम तोच. टेस्टरवर आठही दिवे लागले. एका मशीनला १९२.१६८.०.१, दुसऱ्याला १९२.१६८.०.२ असे पत्ते दिले. पिंगला उत्तर आलं. मग नातवाचे फोटो पाठवायला घेतले आणि गाडी रुतली.

नेटवर्क कार्ड बदललं. स्विच बदलला. विंडोजसुद्धा नव्याने टाकलं (याची लाज अजून वाटते). असे दोन रविवार गेले.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, केबल जॉइंटर. तिसऱ्या रविवारी त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून प्लग डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “अरे, जोडी फोडलीस की!”

मामला असा. शंभर मेगाबिटच्या त्या जोडणीत एक आणि दोन नंबरच्या पिना एका दिशेचं बोलणं नेतात, तीन आणि सहा दुसऱ्या दिशेचं. मधल्या चार-पाचवर निळी जोडी बसते. टेलिफोनची लाइन मधल्या दोन पिनांवर असते, तिच्याशी जुळावं म्हणून. त्यामुळे हिरवी जोडी फाकून तीन आणि सहावर जाते. माझ्या क्रमात तीनवर हिरवी होती आणि सहावर निळी. जोडीतल्या तारांना पीळ असतो तो दिसायला नव्हे. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, पलीकडचं कार्ड फक्त दोघींतला फरक वाचतं, म्हणून गोंगाट गळून जातो. तीन आणि सहा वेगवेगळ्या जोड्यांतल्या असल्या की पीळ फुकट. वर शेजारच्या तारेतलं बोलणं हिच्यात झिरपतं. टेस्टर बिचारा तांबं अखंड आहे एवढंच सांगतो. पिंगचे चिमुकले निरोप कसेबसे निभावले. फोटोंचं ओझं पेललं नाही. वीतभर तुकड्यावर हीच चूक पचून गेली असती.

दोन्ही टोकं छाटली. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काका मोठ्याने म्हणत होते, मी तारा सरळ करत होतो. पीळ उलगडायचा तो अगदी टोकापुरताच, हेही त्यांनीच बजावलं. क्रिम्पिंगची पक्कड दाबली, वर जाऊन दुसरं टोक केलं, आणि खाली येईपर्यंत फोटो वर पोचले होते.

काकांनी केबलचे, कार्डाचे, क्रिम्पिंगचे पैसे मोजून दिले. दोन रविवारांचे दिले नाहीत. मीही मागितले नाहीत.