तुला दिसतं ते खोटं नाही

चि. ओंकार,


काल तुझ्या आईचा फोन आला. लोको पायलटच्या वैद्यकीय तपासणीत रंग ओळखण्याच्या चाचणीत तू उत्तीर्ण झाला नाहीस आणि तेव्हापासून नीट जेवतही नाहीस, असं म्हणाली. मग तीच रडायला लागली, 'माझ्याकडूनच आलं ना त्याला' म्हणून. तिच्याशी मी बोलेनच. पण तुला आधी लिहितो, कारण तुझ्यासारखंच मलाही दिसतं. संध्याकाळी भाजी निवडताना लाल मिरची आणि हिरवी मिरची मला नीट निरखूनही वेगळी काढता येत नाही. घरात सगळे त्याला मामाची खोड म्हणतात. ती खोड नाही, आपल्या डोळ्यांची घडण आहे.

तुला तिथे ठिपक्याठिपक्यांचे तक्ते दाखवले असतील. शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञांनी ते १९१७ मध्ये प्रसिद्ध केले. एका तक्त्यावर बाकीच्यांना २९ हा आकडा दिसतो, आपल्यासारख्यांना ७०. पण त्याच संचात असेही तक्ते आहेत की ज्यांच्यात आपल्याला आकडा दिसतो आणि बाकीच्यांना नुसते ठिपके. ही गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता मुळाशी जाऊ. आपण म्हणतो जास्वंद लाल आहे. खरं तर जास्वंदीत लाल असं काही भरून ठेवलेलं नसतं. सूर्याच्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात, हे न्यूटनने लोलकातून दाखवलं. त्यातला निळा-हिरवा भाग पाकळी गिळते आणि लांब लहरींचा भाग परत पाठवते. तेच फूल निव्वळ हिरव्या उजेडात धरलं तर परत पाठवायला काहीच उरत नाही, आणि ते जवळजवळ काळं दिसतं. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली निळी गाडी काळपट दिसते, तीही याच कारणाने. म्हणजे उजेड बदलला की रंग बदलला.

आणि डोळा बदलला तरी बदलतो. डोळ्याच्या पडद्यावर रंगाचं काम करणाऱ्या शंकुपेशी असतात. बहुतेकांकडे त्या तीन प्रकारच्या: एक साधारण ४२० नॅनोमीटरच्या निळसर उजेडाला जास्त दाद देणारी, दुसरी ५३०च्या आसपास, तिसरी ५६०च्या. इथली गोम नीट समजून घे. एकटी पेशी रंग सांगूच शकत नाही. आपल्यावर उजेड किती पडला एवढंच तिला कळतं. मंद हिरवा पडला की झगझगीत लाल, हे तिला ठाऊक नसतं. दोन प्रकारच्या पेशींचे आकडे मेंदू शेजारी ठेवतो, तेव्हा कुठे रंग ठरतो. हिरव्यापासून लालपर्यंतच्या पट्ट्यात इतरांकडे तुलनेला दोन साक्षीदार आहेत. आपल्याकडे एकच आहे; मधला, ५३०चा, आपल्याकडे नाही. म्हणून त्या पट्ट्यात आपल्याला उजळ-काळोखं कळतं, पण लाल की हिरवं हे कळत नाही. निळं आणि पिवळं मात्र आपल्याला चांगलं वेगळं दिसतं.

तीन साक्षीदार असले म्हणजे सगळं कळतं असंही नाही बरं का. टीव्हीच्या पडद्यावर पिवळा ठिपका नसतोच. लाल आणि हिरवा शेजारी पेटतात आणि सगळ्यांना पिवळं दिसतं, कारण पेशींचे आकडे खऱ्या पिवळ्या उजेडाइतकेच येतात. तुझी आई साडी दुकानाच्या दारात नेऊन बघते ती याचसाठी: ट्यूबलाइटखाली जुळलेला ब्लाउजपीस उन्हात वेगळाच निघतो. तेव्हा दोन वेगळे उजेड एकच वाटणं हे फक्त आपल्याच नशिबी नाही. तिघांवाल्यांचंही तेच होतं, आपलं थोडं जास्त वेळा होतं. मधमाशीला अतिनील दिसतं आणि लाल दिसत नाही, पण ती आंधळी आहे असं कुणी म्हणत नाही. आणि रात्री, चांदण्यात, शंकुपेशींना उजेड पुरत नाही आणि एकाच प्रकारच्या दंडपेशी काम करतात. तेव्हा अख्खं गाव रंगाला मुकलेलं असतं.

जॉन डाल्टनची गोष्ट तुझ्यासाठी राखून ठेवली होती. अणुसिद्धान्तामुळे तो तुला शाळेत भेटला आहेच. जिरॅनियमचं गुलाबी फूल त्याला दिवसा आकाशासारखं निळं दिसे. १७९२ मध्ये त्याने ते मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं, तर ते लालसर! मेणबत्तीच्या उजेडात निळा भाग जवळजवळ नसतोच, म्हणून त्याला एरवी दिसणारी निळाई नाहीशी झाली होती. त्याच्या भावालाही अगदी तसंच दिसे. दोन वर्षांनी त्याने मँचेस्टरला यावर निबंध वाचला. डोळ्यातला द्रवच निळा असणार, असा त्याचा तर्क होता, आणि मेल्यावर डोळे तपासा असं तो सांगून गेला. १८४४ मध्ये तपासले, तर द्रव स्वच्छ पाण्यासारखा. पण डोळ्यांचे अवशेष जपून ठेवलेले होते. १९९५ मध्ये त्यांतला डीएनए तपासला आणि उत्तर मिळालं: मधल्या शंकुपेशींचं जनुक नव्हतं. मला या माणसाचा फार अभिमान वाटतो. आपल्याला इतरांसारखं दिसत नाही हे कळल्यावर तो लपवत बसला नाही, त्याची विज्ञानात नोंद केली.

नोकरीचं मात्र मी गोड करून सांगणार नाही. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडाजवळ दोन गाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर होल्मग्रेन नावाच्या शास्त्रज्ञाने रेल्वेच्या माणसांना रंगीत लोकरीच्या लडी निवडायला लावल्या. तेव्हापासून ही तपासणी जगभर आहे, आणि ती असावी. धुक्यात दूरवर एकच दिवा दिसतो. वर-खालच्या जागेवरून ओळखायला दुसरा दिवा शेजारी नसतो, आणि मागे शेकडो माणसं झोपलेली असतात. इंजिनाच्या त्या खुर्चीसाठी तू लहानपणापासून झुरलास हे मला माहीत आहे. तिचं दुःख कर, ते खरं आहे. पण आपल्यात कसलीतरी खोट आहे, या समजुतीने स्वतःला जाळू नकोस. रेल्वेतही अशी पदं आहेत जिथे ही अट नाही किंवा सौम्य आहे. जाहिरातीतला वैद्यकीय दर्जाचा रकाना आधी वाच, मग अर्ज कर. ज्या कामात वायरींच्या रंगांवर जीव अवलंबून असतो, ते मात्र टाळ.

आईला हे समजावून सांग: हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाकडे एकच एक्स, तो आईकडून येतो. मुलीकडे दोन असतात, एक असा असला तरी दुसरा भागवतो. म्हणून तिला स्वतःला काही जाणवलं नाही. आजीकडून ते माझ्याकडे आलं आणि तुझ्या आईमार्फत तुझ्याकडे. यात तिने काही केलेलं नाही, आजीनेही नाही.

आजीकडून ते मावशीकडेही आलेलं असू शकतं, म्हणून तिलाही फोन कर. तिच्या दोघा मुलांची तपासणी दहावीच्या आधी करून घेऊ. डोळ्यांच्या डॉक्टरकडे काही मिनिटांत होते.

तुझा,
मामा