पाचपैकी पाच

आयची-नागोयाच्या आशियाई स्पर्धा सप्टेंबर 2026 मध्ये आहेत. आमच्या फॅमिली ग्रुपवर मात्र निकाल आधीच लागलाय. ‘कंपाऊंडमध्ये गोल्ड पक्कं!’ आणि खाली तिरंग्यांची रांग. आम्ही सांगलीची माणसं, पण साताऱ्याच्या पोरीचं कौतुक घरच्यासारखंच.

या खात्रीला कारण आहे. 2023 मध्ये हांगझोऊला कंपाऊंड तिरंदाजीत पाच सुवर्णपदकं होती, पाचही भारतानं आणली. असा दबदबा म्हणजे पॅरिस ऑलिम्पिकमधला टेबल टेनिसचा चीन. पाचपैकी पाच सुवर्णं! त्याच्या दोन महिने आधी बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच दिवशी पुरुषांमध्ये ओजस देवतळे. तो नागपूरचा, पण सरावाला साताऱ्यात, अदितीच्याच प्रवीण सावंत सरांकडे. उसाच्या पट्ट्यातल्या एका अकादमीतून एका दिवसात दोन जगज्जेते निघाले.

आता तेच आकडे जरा जवळून बघा. ओजसची फायनल 150-149. हांगझोऊला महिला संघाची फायनल, तैपेईविरुद्ध, 230-229. तिघींचे मिळून चोवीस बाण आणि फरक एका गुणाचा.

याचं कारण धनुष्यातच आहे. कंपाऊंडला टोकांवर चाकं असतात. दोरी पूर्ण ओढली की ताण बराच हलका होतो, नेम स्थिर राहतो. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ जेमतेम आठ सेंटिमीटरचं, तरी वरच्या पातळीवर जवळपास सगळेच ते मारतात. म्हणजे दहा मारून कुणी पुढे जात नाही, नऊ मारून मागे पडतं. ऑलिम्पिक टेबल टेनिसच्या एकेरीत सात गेम असतात, एखादा गेला तरी सावरता येतं. तरीही पॅरिसमध्ये चीनचा अव्वल मानांकित वांग चुछिन दुसऱ्याच फेरीत हरला. इथे तर सगळा खेळ पंधरा बाणांचा.

2025 च्या ग्वांगजू जागतिक स्पर्धेत हेच दिसलं. गतविजेता महिला संघ इटलीकडून हरून पदकाविना परतला. त्याच स्पर्धेत आपल्या पुरुष संघानं पहिल्यांदाच सुवर्ण जिंकलं. ग्रुपवर खात्री होती ती महिलांची!

माझा अंदाज विचाराल तर दोन्ही संघ पदकाच्या शर्यतीत असतील. पण पुन्हा पाचपैकी पाच अवघड आहे. कोरिया गप्प बसणार नाही. आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा येतेय, त्यामुळे सगळेच देश आता या धनुष्यावर जास्त मेहनत घेणार.

माझी भाची सांगलीत तिरंदाजी शिकते. चौदा वर्षांची आहे. ग्रुपवरचे तिरंगे बघून तिनं मला विचारलं, “मावशी, तिथं कुणाचा नऊ लागला तर हे लोक काय म्हणतील गं?”

मला उत्तर सुचलं नाही, कारण ते लोक म्हणजे आम्हीच. काका, आत्या, मी, सगळे. ज्यांच्या हातात धनुष्य नाही, त्यांना ‘पक्कं’ म्हणायला काही लागत नाही. जिच्या हातात असतं, तिला ते शब्दही बाणाबरोबर ओढावे लागतात.

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं, “पदक येऊ दे, नाहीतर न येऊ दे. सामने सगळ्यांनी मिळून बघू.” काकांनी अंगठा दिला. भाचीनं काहीच टाकलं नाही. सकाळी सरावाला मात्र वेळेवर गेली.