एनी क्वेश्चन्स?

आमच्या होस्टेलच्या मेस मिटिंगमध्ये शेवटी प्रश्न येतो, "मग मुलींनो, काही अडचण?" आणि आम्ही सगळ्या एका सुरात म्हणतो, "नाही मॅडम!" त्यानंतर बरोबर दहा मिनिटांनी खरी मिटिंग भरते, ती जिन्यात. वरण पातळ का, पोळ्या कच्च्या का, सगळे मुद्दे तिथे निघतात. फक्त तिथे मॅडम नसतात!

मला वाटायचं, हा आपल्या स्टुडंट लोकांचाच आजार. कंपनीत माणसं पगार घेतात, तिथे नीट बोलत असतील. गेल्या उन्हाळ्यात इनप्लांट ट्रेनिंगसाठी जालन्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये गेले आणि हा गैरसमज दूर झाला. (मिलचं नाव विचारू नका, सांगणार नाही.)

ज्यांनी मिल पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भंगार वितळवून त्याचं बिलेट ओततात. ते अकराशे-बाराशे अंशांपर्यंत तापवून रोलच्या एकेका जोडीतून, म्हणजे स्टँडमधून काढत नेलं की सळई तयार. पण लाल सळई पुढच्या स्टँडमध्ये शिरायची चुकली तर ती वेडीवाकडी उसळून बाहेर येते. त्याला कॉबल म्हणतात. तेव्हा तिथे कोण उभं आहे, यावर सगळं अवलंबून.

दर सोमवारी साडेनऊला एसी केबिनमध्ये मिटिंग असायची. साहेब स्लाइड दाखवायचे: टनेज, ब्रेकडाउन, टार्गेट. सुपरवायझर खुर्चीत, ऑपरेटर मागे भिंतीला टेकून उभे. लोक कंटाळतात हे साहेबांनाही कळत होतं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आधी समोसे सुरू केले. मग कुठून तरी वाचून एक गेम घेतला, प्रत्येकाने आपला आवडता हिरो सांगायचा. समोसे संपायचे, हिरो सांगून व्हायचे, की पुन्हा सगळे गप्प. माझं इंग्लिश चांगलं म्हणून मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडे आलं. कॉन्व्हेंटची कृपा!

तिसऱ्या सोमवारी साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "एनी क्वेश्चन्स?" मागून मिस्त्रीकाका म्हणाले, "साहेब, तीन नंबर येगळंच बोलू लागलंय."

कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "मेंटेनन्सला सांगा," आणि लॅपटॉप मिटला. आता हे वाक्य इंग्लिशमध्ये लिहायचं कसं? स्टँड नंबर थ्री इज स्पीकिंग डिफरंटली? मला ते बावळट वाटलं. मी लिहिलं, 'नो पॉइंट्स रेज्ड.'

गुरुवारी तीन नंबरच्या स्टँडचं बेअरिंग गेलं आणि कॉबल झाला. काका रोज जिथे उभे असतात नेमकी तिथेच सळई जाऊन पडली. काका तेव्हा पाणी प्यायला गेले होते. कुणाला खरचटलंही नाही, शिफ्ट तेवढी गेली. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मिनिट्सची फाइल मागवली. कुणी आधी सांगितलं होतं का, हे त्यांना बघायचं होतं. मी खरं काय ते सांगून टाकलं. ते बराच वेळ कागद बघत बसले. मग म्हणाले, "ऐकलं तर मीही होतं."

रविवारी आजोबांना हे सांगितलं. त्यांना एकदम आपल्या जिल्ह्यातलं कडवंची आठवलं. तिथे 1996 पासून नाबार्डच्या इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाची कामं झाली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने. हा कार्यक्रम फादर हर्मन बाखर या जेसुइट धर्मगुरूंच्या पुढाकारातून उभा राहिला. (फादर म्हटलं की मला फक्त सकाळची प्रेयर आठवते, ही माझी मर्यादा!) त्यांची पद्धत अशी, की नुसती गावात बैठक घेऊन भागवायचं नाही. प्रत्येकाच्या शेतात जायचं, नवरा-बायको दोघांना सोबत घ्यायचं आणि बांध कुठे घालायचा ते तिथेच ठरवायचं. आजोबा म्हणाले, "चावडीवर बाईमाणूस तोंड उघडत नाही गं. शेतात उभी कर, पाणी कुठून घुसतं ते बोट दाखवून सांगती." 2012 च्या दुष्काळातही कडवंचीच्या द्राक्षबागा टिकल्या. त्यामागे शेततळी, ठिबक आणि ढोर मेहनत आहे. सगळं श्रेय बैठकीला देणं भाबडेपणाचं होईल. पण सुरुवात तिथून झाली.

हे वाचताना मेकॅनिकलवाल्यांना क्वालिटी सर्कल आठवलं असेल. जपानमध्ये इशिकावा, 1962. आपल्याकडे भेल, हैदराबाद, 1980. मी ते सहा मार्कांसाठी पाठ केलं होतं. मिलमध्ये बसून एकदाही आठवलं नाही!

शेवटच्या आठवड्यात धीर करून साहेबांना विचारलं, दहा मिनिटं स्टँडजवळ उभ्यानेच मिटिंग घेऊया का? आधी ऑपरेटर बोलतील, तुम्ही शेवटी. ते हो म्हणाले. पहिला दिवस पूर्ण फसला, कारण मिल चालू असताना तिथे कुणाचं काही ऐकूच येत नाही! मग रोल बदलायला मिल बंद करतात ती वेळ धरली. टार्गेटचे आकडे केबिनमध्येच राहिले, ते उभ्याने होत नाहीत. पण काकांनी पाना घेऊन एकेका बेअरिंगवर ठोकून दाखवलं, कुठला आवाज भरीव आणि कुठला पोकळ. बिहारचा एक मुलगा महिनाभर एक शब्द बोलला नव्हता. तो म्हणाला, "सर, पाँच नंबर का पानी कम आता है." पाइप बघितला तर अर्धा गाळाने भरलेला. त्या दिवशी समोसे नव्हते, आणि कुणी विचारलेही नाहीत.

मी त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, हिंदीतच.

पुढच्या रविवारची आमची मेस मिटिंग रीडिंग रूमऐवजी स्वयंपाकघरात घ्यायला मॅडम तयार झाल्या आहेत. आधी पोळ्यावाल्या मावशी बोलणार, मग आम्ही. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "मी काय बोलू बाई? तवाच एका बाजूनं तापत नाही." मिनिट्स मीच लिहिणार आहे, आणि हा मुद्दा आत्ताच टिपून ठेवलाय.