ठाऊक असेल त्याने बोलावे

बेळगावकडे उसाचे ट्रेलर पाहतच मी वाढलो. ट्रेलर भरण्यात शिकण्याजोगे ते काय, असे मला वाटे.

२०१९ च्या जानेवारीत माझा धाकटा भाऊ कॅनडात एडमंटनहून कॅलगरीस बिऱ्हाड हलवीत होता. मी त्याचा पाहुणा. उतरविण्यास सोपे जावे म्हणून पुस्तकांच्या जड पेट्या मी आग्रहाने ट्रेलरच्या अगदी मागे रचविल्या. तो काही बोलला नाही.

वाटेत बर्फ लागले. एका उतारावर ट्रेलर शेपटीसारखा हेलकावू लागला. मागील आसनावर त्याची दोन लेकरे झोपली होती.

"ब्रेक दाब!" मी ओरडलो.

"नाही, दादा. आता दाबला तर ट्रेलर आपल्यालाच फिरवील."

त्याने ॲक्सिलरेटरवरील पाय हळूच उचलला, स्टिअरिंग सरळ धरले व हाताजवळच्या कळीने केवळ ट्रेलरचे विजेचे ब्रेक हलके लावले. ट्रेलर ताळ्यावर आला.

पुढच्या थांब्यावर गारठल्या बोटांनी आम्ही पेट्या पुन्हा रचल्या: सुमारे ६० टक्के वजन आसाच्या पुढे, म्हणजे एकंदर भाराचे १० ते १५ टक्के जोडावर येते. उरलेली वाट वेग कमी, पुढच्या गाडीपासून अंतर भरपूर आणि उतारावर खालचा गिअर, अशी काटली.

मी क्षमा मागितली. तो म्हणाला, "चूक माझीही आहे. ठाऊक असून तुझ्यापुढे बोललो नाही."

वाचकहो, थोरांचा मान राखणे ही आपली रीतच आहे. परंतु त्या मानापायी मागील आसनावरची लेकरे पणाला लागू नयेत.